बांध फोडणारे : भोजपूर, भातवडी, विजापूर

भोपाळहून भोजपूरला गेलेला माणूस महादेवाच्या त्या प्रचंड पिंडीपुढे उभा राहतो, देऊळ अर्धवट का राहिले याची थोडी चर्चा करतो आणि परत फिरतो. आमची जैन मंडळी आणखी थोडी पावले चालून शांतिनाथाच्या उंच मूर्तीला वंदन करतात. पण आसपास जे मोठमोठे घडीव दगड एकावर एक रचलेले दिसतात, त्यांच्याकडे पाहायला कोणी थांबत नाही. तो भोजराजाच्या तलावाचा बांध आहे. धारेच्या ज्या राजाशी पवार घराण्याचे नाते सांगितले जाते आणि ज्याचे नाव आपल्या घरांत आजही आदराने घेतले जाते, त्याचे सर्वांत मोठे बांधकाम देऊळ नव्हते, हे पाणी होते. आणि ते फोडले ते कोणा दूरच्या परक्याने नव्हे. ज्याच्या बापाने धारेत गादी मांडली आणि ज्याने ती मांडवगडावर नेली, त्या होशंगशहाने ते फोडले, असे परंपरा सांगते. बांधणारा धारेचा आणि फोडणाराही धारेचाच.

आपल्या मंडळाच्या व्याख्यानमालेत लढायांवर बोलताना घोडे, तोफा आणि तह यांचा हिशेब होतो, पाण्याचा क्वचितच होतो. उदयनगरहून दक्षिणेला नर्मदेकडे उतरले की ओंकारेश्वरचे धरण आहे, त्याच्या वरच्या अंगाला पुनाशाचा इंदिरासागर आहे. अशा मुलखात राहणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न येतोच : युद्धात कोणी बांध फोडला, तर फोडणाऱ्याला नेमके काय मिळते? पाण्याचा लोंढा शत्रूला बुडवून टाकतो, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. इतिहास चाळला तर ते चित्र फारसे खरे ठरत नाही. शत्रू बुडून क्वचितच मरतो. तो चिखलात अडकतो किंवा तहानेने मागे फिरतो. आणि त्याचा फायदा मिळतो तो ज्याचे घोडेस्वार आधीपासून तयार असतात त्यालाच.

भोजपूरपासूनच सुरुवात करू. तिथे डोंगरांचे एक मोठे कडे आहे आणि त्या कड्याला दोनच खिंडारे होती, एक शंभर यार्डांच्या आसपास, दुसरे पाचशे यार्डांचे. अकराव्या शतकात ती दोन्ही बुजवली गेली. मध्ये मातीचा भराव आणि दोन्ही अंगांना वालुकाश्माचे अजस्र ठोकळे, तेही चुन्याशिवाय, नुसते एकमेकांत बसवलेले. एकोणिसाव्या शतकात किन्केड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हा सगळा परिसर पायी फिरून पाहिला. जास्तीचे पाणी जाण्यासाठी बांधापासून दूर, खडकात कोरलेला सांडवा त्याला सापडला. बांधावरून पाणी कधी वाहिलेच नाही, म्हणून तो चारशे वर्षे टिकला. जुन्या गॅझेटिअरात तलावाचा विस्तार अडीचशे चौरस मैलांहून जास्त दिला आहे. तो आकडा मला सढळ हाताने दिलेला वाटतो. पण निम्मा धरला तरी आपल्या डोळ्यांत मावणार नाही एवढे ते पाणी होते. मंडीदीपच्या नावातला ‘दीप’ म्हणजे त्या तलावातले द्वीप, असे तिथले लोक सांगतात. आज तिथे कारखाने आहेत, आणि भोपाळहून इटारसीकडे जाणारी आगगाडी त्या तलावाच्या तळातून धावते.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात होशंगशहाने हा बांध कापला. याबद्दल गोंडांमध्ये चालत आलेली एक आठवण किन्केडने नोंदवून ठेवली आहे : फौजेला बांध कापायला तीन महिने लागले, तलाव रिकामा व्हायला तीन वर्षे लागली, आणि तळाची जमीन पुढे तीस वर्षे वस्तीच्या लायक झाली नाही. तीन, तीन आणि तीस. लोककथेतले आकडे असे गोल असतातच. तरीही त्यात एक लष्करी गोष्ट दडलेली आहे, ती अशी की हे काम लढाईतले नव्हे. तीन महिने निवांतपणे कुदळी चालवायला समोर शत्रू नसावा लागतो. खेडल्याच्या नरसिंहरायाशी झुंजणारा आणि नर्मदेकाठी होशंगाबाद वसवणारा हा सुलतान होता. माळव्यातून नर्मदेकडे आणि गोंडांच्या मुलखाकडे जाणाऱ्या वाटांवर त्याला आपला हात हवा होता. एवढे मोठे पाणी आणि त्याच्या भोवतीचे डोंगर म्हणजे न मानणाऱ्यांना हक्काचा आडोसा. तो आडोसा त्याने कायमचा काढून टाकला, असे मला वाटते. याचा फायदा त्याच्या हयातीत कितपत पदरात पडला, हा प्रश्न उरतोच, कारण १४३५ साली तो वारला आणि तळ कोरडा झाला तेव्हा मांडवगडावर दुसरे घराणे बसलेले होते. पण तलाव गेल्याने माळव्याची हवाच बदलली, असे म्हणणारी परंपराही गॅझेटिअरात आहे.

भोजपूरची गोष्ट अशी संथ आहे. युद्धाच्या ऐन धुमाळीत, आठ-पंधरा दिवसांत निकाल लावणारा फुटलेला बांध पाहायचा असेल तर माळवा सोडून नगरकडे जावे लागते.

अहमदनगरजवळ भातवडी नावाचे गाव आहे. तिथला तलाव निजामशाहीचा वजीर सलाबतखान याने बांधवलेला. १६२४ साली या तलावाच्या काठी जी लढाई झाली, ती आपण शहाजीराजांच्या पराक्रमासाठी लक्षात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण ती लढाई जिंकली कशी हे सांगताना बांधाचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो. मला तिथेच थांबायचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. शहाजहान बापाविरुद्ध बंड करून उठला होता. त्या बंडाचा धूर आपल्या मांडवगडावरूनच निघाला आणि नर्मदा ओलांडून दक्षिणेत गेला. त्याच्या पाठलागावर महाबतखान उत्तरेकडे गेला. दक्षिणेत उरलेले मोगली सरदार आणि विजापूरचा इब्राहिम आदिलशहा यांनी हात मिळवले, कारण दोघांनाही मलिक अंबर नको होता. मलिक अंबरने आधी चाल करून थेट विजापूरला धडक मारली. आदिलशहा किल्ल्यात अडकला आणि त्याने बऱ्हाणपुरात असलेला आपला सेनापती मुल्ला महंमद लारी याला परत बोलावले. लारीबरोबर लष्करखान आणि इतर मोगली सरदार निघाले. त्यांच्यात लखुजी जाधवराव होते, म्हणजे शहाजीराजांचे सासरे पलीकडच्या बाजूला. अंबरने वेढा उठवला आणि तो आपल्या मुलखाकडे मागे सरकू लागला. ही दोन-दोन सत्तांची फौज त्याच्या मागे लागली. हा माणूस आता थकला, असा त्यांचा समज झाला असावा. अंबर तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होता.

भातवडीला येऊन तो थांबला आणि त्याने तलावाचा बांध फोडला.

आता इथे माळव्याच्या माणसाला जास्त समजावून सांगावे लागत नाही. नगरकडची काळी माती आणि आपली काळी माती सख्ख्या बहिणी. कोरडी असताना तिला भेगा पडतात, दगडासारखी टणक होते. पाणी पिते तेव्हा फुगते, आणि मग तिच्यात ठेवलेले पाऊल उचलताना चप्पल आत राहते. पावसाळ्यात शेतातून दवाखान्यात येणारा माझा रोगी गुडघ्यापर्यंत जो काळा लेप घेऊन येतो, तो आठवा, आणि तिथे बैलाचे खूर, हत्तीचे पाय, तोफेची चाके आणि तंबूच्या मेखा कल्पून पाहा. वरून पाऊसही चालू होता. मोगली-आदिलशाही छावणी म्हणजे चालते शहर : कनाती, बाजारबुणगे, सरदारांचे हत्ती, ओझ्याची हजारो जनावरे. ती छावणी जागच्या जागी रुतली. तिला पुढे जाता येईना आणि मागेही फिरता येईना.

बांधाच्या पाण्याने त्यांच्यापैकी किती जण बुडाले याला लष्करी महत्त्व नाही. महत्त्व याला की त्यांची रसद तुटली. धान्य आणणारे बैलांचे तांडे चिखलातून छावणीपर्यंत पोहोचणे अवघड झाले, आणि जे बाहेर होते त्यांच्यावर अंबरचे मराठी घोडेस्वार तुटून पडू लागले. छावणीत दाणागोटा महागला, मग संपत आला. भुकेलेली माणसे हळूहळू अंबरकडे जाऊन मिळू लागली. रात्री छापे पडू लागले. हलकी, ओझे नसलेली घोडी चिखलाच्या कडेकडेने, वाटा ठाऊक असलेल्या स्वारांच्या मांडीखाली फिरत होती. जड फौज मधोमध बसलेली होती. डॉक्टर म्हणून मी एवढी भर घालीन की ओल्या जमिनीवर गर्दीने बसलेली उपाशी छावणी आठ दिवसांत आजारी पडते. तिला शत्रूची गरज नसते, तिचे पोटच तिला मारते.

मग अंबरने शेवटचा घाव घातला. मुल्ला महंमद लारी पडला, त्याच्या फौजेचे कंबरडे मोडले. लष्करखानासह कित्येक नामांकित सरदार पकडले गेले. लखुजी जाधवराव निसटले. शहाजीराजे त्या दिवशी जे लढले त्याचे वर्णन परमानंदाच्या शिवभारतात आहे. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी इथेच पडले. भोसल्यांचे नाव दख्खनभर झाले ते भातवडीपासून.

भातवडीचे खरे यश बांध फोडण्यात नव्हते. कुदळ कोणालाही चालवता येते. अंबरला ठाऊक होते की चिखल सगळ्यांना सारखा लागत नाही. तो जडाला जास्त लागतो आणि हलक्याला कमी. आपली फौज हलकी आहे आणि समोरची जड आहे याचा हिशेब त्याने आधी केला आणि मग पाणी सोडले. पुढे मराठ्यांनी ज्या रीतीच्या लढाईत नाव काढले, तिचा हा एक मोठा धडा होता.

गंमत अशी की हाच मलिक अंबर पाणी बांधणारा म्हणून जास्त प्रसिद्ध आहे. खडकी शहर त्याने वसवले, आणि त्याला जमिनीखालून पाणी पुरवणारी नहर त्याने काढली. औरंगाबादकर आजही ती नहर-ए-अंबरी म्हणून दाखवतात. पाण्याची किंमत ज्याला कळते तोच पाण्याचा घाव नेमका घालू शकतो, असे दिसते.

भातवडीनंतर अंबर थांबला नाही. तो पुन्हा विजापूरकडे गेला आणि त्याने नौरसपूर लुटले. इब्राहिम आदिलशहाने मोठ्या हौसेने विजापूरच्या पश्चिमेला वसवायला घेतलेले हे नवे शहर. ते पुन्हा सावरले नाही. पण त्याचा तलाव राहिला, आणि बरोबर एक्केचाळीस वर्षांनी त्या तलावाची पाळी आली. मराठ्यांच्या इतिहासाला लागलेले पाण्याचे दुसरे वळण इथे आहे.

१६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले. मिर्झाराजा जयसिंगाने लगेच दुसरे काम काढले, ते विजापूरचे. नोव्हेंबरात तो निघाला, आणि तहाप्रमाणे शिवाजी महाराज आपल्या फौजेसह त्याच्या बरोबर होते, नेताजी पालकर होता. सुरुवात झकास झाली. फलटण, ताथवडा, मंगळवेढा ही ठिकाणे भराभर हाती आली, आणि त्यात मराठ्यांचा वाटा मोठा होता. डिसेंबरच्या अखेरीस जयसिंग विजापूरपासून सहा कोसांवर येऊन उभा राहिला. वेढ्याच्या जड तोफा त्याने बरोबर आणल्याच नव्हत्या. वेगाने जाऊन धाक दाखवला की शहर शरण येईल, असा त्याचा होरा होता.

समोर दुसरा अली आदिलशहा होता, आणि त्याने घाई केली नव्हती. त्याने तटाची डागडुजी केली, कर्नाटकातून पायदळ आणून आत भरले, आणि शहराबाहेरचा मुलूख स्वतःच्या हाताने उजाड केला. नौरसपूर आणि शहापूर या दोन मोठ्या तलावांचे बांध फोडून ते रिकामे केले. विहिरी मातीने बुजवल्या. झाडे तोडली. काही कोसांच्या परिघात जनावराला पाणी मिळेना आणि चुलीला लाकूड मिळेना. भातवडीला बांध फोडून चिखल केला होता, इथे बांध फोडून कोरड केली. घाव तोच, पण उलट्या हाताचा.

मग त्याने जे केले ते अंबरच्या तोडीचे होते. शर्झाखान आणि सिद्दी मसऊद यांना घोडदळ देऊन त्याने जयसिंगाच्या पाठीमागे, मोगली हद्दीत सोडले. शर्झाखानाने मंगळवेढ्याच्या मोगली किल्लेदाराला ठार केले. म्हणजे पुढे पाणी नाही आणि मागे वाट सुरक्षित नाही. गोवळकोंड्याची कुमकही आदिलशहाकडे येत होती. जयसिंग तिथे जेमतेम आठवडाभर टिकला. ५ जानेवारी १६६६ ला त्याने मागे पाऊल घेतले. सुमारे चाळीस हजारांची फौज विजापूरच्या तटाला हात न लावता परत फिरली.

पाण्याच्या या अभावाने काय काय ओढून आणले ते क्रमाने पाहा. अपयश आले की छावणीत बोटे दाखवली जातात. मोगली सरदारांत शिवाजी महाराजांविषयी कुजबुज सुरू झाली. त्यांना तिथून दूर काढण्यासाठी जयसिंगाने पन्हाळ्याच्या मोहिमेवर पाठवले. जानेवारीच्या मध्यावर तो हल्ला फसला आणि बरीच माणसे कामी आली. नेताजी पालकर विजापूरकरांना जाऊन मिळाला. आता विजापूर आणि गोवळकोंडा एक झालेले, नेताजी तिकडे गेलेला, आणि उद्या शिवाजीही गेला तर काय, ही धास्ती जयसिंगाला लागली. त्याने बादशहाला कळवले की या माणसाला राजी करून उत्तरेत दरबारी पाठवणे आता जरुरीचे आहे. ५ मार्चला महाराज राजगडाहून निघाले. १२ मे रोजी आग्र्याचा दरबार झाला आणि पुढचे सर्वांना पाठ आहे.

नौरसपूरचा बांध फुटला म्हणून महाराज आग्र्याला गेले, इतके सोपे विधान मी करणार नाही. तोफा नसणे, घाई, गोवळकोंड्याची कुमक ही कारणेही होती. पण जयसिंग विजापूरसमोर महिना-दोन महिने ठाण मांडून बसू शकला असता, तर तोफा मागवता आल्या असत्या, फितुरी विकत घेता आली असती. दोन्हींत तो वाकबगार होता. त्याला बसू दिले नाही ते पाण्याने. विजय मिळवायचा तर आधी बसायला जागा लागते, आणि त्याची जागाच काढून घेतली गेली. हा मुत्सद्दी त्यातून सावरला नाही. १६६७ साली बऱ्हाणपुरात तो वारला.

हीच युक्ती कायम चालते असे मात्र नाही. वीस वर्षांनी औरंगजेबाच्या फौजा विजापूरला आल्या. तेव्हाही छावणीत उपासमार झाली, जनावरे मेली. पण या वेळी मागे खुद्द बादशहा होता आणि रसद पोचवायला फिरोजजंगासारखा सरदार होता. वेढा वर्षाहून अधिक काळ चालला आणि १२ सप्टेंबर १६८६ ला विजापूर पडले. तहान थोड्या दिवसांच्या पाहुण्याला हाकलते. घर बांधायला आलेल्याला ती हाकलू शकत नाही.

आपल्या काळात धरणे कित्येक पटींनी मोठी झाली, त्यामुळे फोडणाऱ्याचा मोहही वाढला. लोंढ्याची ताकद काय असते हे मराठी माणसाला १२ जुलै १९६१ ने शिकवले. पानशेत फुटले, मागोमाग खडकवासला गेले. ज्यांचे नातलग पुण्यात होते अशा आपल्या घरांतून त्या दिवसाच्या आठवणी अजून निघतात. पण त्यातच एक धडाही आहे. लोंढा एका दिवसात ओसरला. चिखल आणि पडकी घरे मागे राहिली, ती महिनोन् महिने. फौजेच्या दृष्टीने लोंढा हा एक दिवसाचा हत्यार आहे.

म्हणूनच १९३८ च्या जूनमध्ये चीनने जपान्यांना अडवण्यासाठी पीत नदीचे बांध फोडले तेव्हा जपानी फौज झेंगझोऊच्या वाटेवर थांबली, पण संपली नाही. तिने दुसरी वाट धरली, आणि ऑक्टोबरात वूहान पडलेच. चार-पाच महिने मिळाले. त्यांची किंमत म्हणून लाखो चिनी शेतकरी पुराने, उपासमारीने आणि साथींनी मेले, आणि नदी तिच्या जुन्या पात्रात परत यायला १९४७ उजाडले. १९४३ च्या मे महिन्यात इंग्रज विमानांनी जर्मनीतली म्योने आणि एडर ही धरणे फोडली. त्या धाडसावर चित्रपट निघाला. एकोणीस विमाने गेली, आठ परतली नाहीत. खाली तेराशेच्या आसपास माणसे बुडाली, त्यांत सक्तीने आणलेले परदेशी मजूर पुष्कळ होते. म्योनेचा बांध सप्टेंबर संपता संपता पुन्हा उभा राहिला, कारण दुरुस्ती चालू असताना तिथे पुन्हा बाँब टाकायला कोणी आले नाही. अंबर असता तर त्याने हे चालू दिले नसते. घाव घालायचा आणि मागून घोडेस्वार पाठवायचे नाहीत, याला तो अर्धी लढाई म्हणाला असता.

माझ्या मते भातवडीचा खरा वारस आपल्याच देशात, पंजाबात सापडतो. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या बाजूने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आत घुसले. असल उत्तर गावाभोवती आपल्या फौजेने नालाकृती आखणी करून तोंड त्यांच्याकडे उघडे ठेवले आणि उसाच्या शेतांत पाणी सोडले. इथे धरण नव्हते, शेतीचे पाणीच होते. तेव्हाचा तो नावाजलेला जड रणगाडा ओल्या जमिनीत रुतला, आणि तीन बाजूंनी दबा धरून बसलेल्या आपल्या तोफांनी तो टिपला. त्या तोफांत आपल्या डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन रणगाडेही होते. नव्वदाहून अधिक पाकिस्तानी रणगाडे त्या मैदानात राहिले. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते याच लढाईत. पाणी थोडे, पण योग्य जागी आणि योग्य रात्री. होमिओपॅथीचा माणूस अल्प मात्रेवर भाळणारच, असे आपण म्हणाल. म्हणा. पण अठरा घन किलोमीटर पाणी सोडून जे साधले नाही ते इथे उसाच्या वावरांनी साधले.

अठरा घन किलोमीटरचा हा आकडा युक्रेनमधल्या काखोव्का धरणाचा आहे. ६ जून २०२३ च्या पहाटे ते फुटले. तेव्हा धरण रशियन फौजेच्या ताब्यात होते. युक्रेनची मोठी चढाई त्याच आठवड्यात सुरू होत होती. नीपर नदी खालच्या अंगाला पसरली आणि ती ओलांडून हल्ला करण्याचा विचार काही आठवडे तरी बाजूला ठेवावा लागला. पण सखल असलेल्या डाव्या तीरावरचे रशियाचे स्वतःचे खंदक आणि पेरलेले सुरुंगही त्याच पाण्यात गेले. पूर ओसरल्यावर नदी होती तिथेच परत आली, आणि शरद ऋतूत युक्रेनी तुकड्या होड्यांतून पलीकडे उतरल्याच. दोन्ही फौजांचा हिशेब असा जवळपास फिटला. कायमचे गेले ते क्रिमियाकडे जाणाऱ्या कालव्याचे पाणी, हजारो हेक्टर शेतीचे सिंचन आणि खालच्या गावांतली घरे. रिकाम्या तळावर पहिल्या वर्षीच वाळुंजाची दाट झाडी उगवली. गोंडांच्या आठवणीतली तीस वर्षे तिथे मोजायला आता सुरुवात झाली आहे.

१९७७ साली जिनिव्हा करारांना जो पहिला पुरवणी मसुदा जोडला गेला, त्याच्या छप्पन्नाव्या कलमात धरणे, बांध आणि अणुवीज केंद्रे यांच्यावर हल्ला करण्याला बंदी आहे, त्यांतून सुटलेल्या शक्तीने सामान्य लोकांचा मोठा संहार होणार असेल तर. लष्करी उपयोगाच्या नावाखाली त्यात पळवाटाही ठेवल्या आहेत. भारताने त्या मसुद्याला आजवर मान्यता दिलेली नाही, पाकिस्ताननेही नाही, अमेरिकेनेही नाही.

भातवडीच्या तलावाची पुढे इंग्रजी अमलात दुरुस्ती झाली आणि त्याचे पाणी पुन्हा शेतांना मिळू लागले. भोजपूरच्या बाबतीत तसे कोणाला करता आले नाही, आणि आता करायचेही नाही, कारण तळात गावे आहेत, गहू आहे, रेल्वे आहे. पुढच्या वेळी दर्शनाला जाल तेव्हा मात्र बांधाच्या त्या दगडांपाशी पाच मिनिटे उभे राहा. एकेक ठोकळा चार-चार फूट लांब आहे आणि सांध्यात चुना नाही. तीन महिने लागले, हे तिथे उभे राहिल्यावर सहज पटते.